रेणूंना ब्रेक लावायचा कशासाठी?

एप्रिल 2023मध्ये केंद्र सरकारने 6003.65 कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं. बातम्यांत गाजला तो क्वांटम कॉम्प्युटर. पण याच मिशनचं सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं हब आयआयटी मुंबईकडे आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आमच्या जेऊर स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या सुपरफास्टचा फोटो काढून बघा. डब्यावरचा नंबर वाचता येत नाही. रेणूंचंही तसंच. तुमच्या खोलीतल्या हवेतले नायट्रोजनचे रेणू ताशी सरासरी 1700 किलोमीटरच्या वेगाने पळतात. त्यांचं बारीक मोजमाप करायचं तर आधी त्यांना थंड आणि हळू करावं लागतं.

हे करतात कसं?

छोट्या पेटीत उणे 269 अंशांच्या आसपासचा हेलियम वायू असतो. आमच्याकडच्या केळीला कोल्ड स्टोरेजमध्ये साधारण 13 अंश पुरतात, यावरून अंदाज घ्या! लेसरचा फटका मारून घन पदार्थातून रेणू उडवतात. ते हेलियमला धडकत गार होतात आणि बारीक भोकातून झोत होऊन बाहेर पडतात. समोरून लेसर मारला की वेग आणखी उतरतो. अणूंवरच्या या युक्तीला 1997चं नोबेल मिळालं. रेणू मात्र गिरक्या घेतात, थरथरतात, म्हणून एका लेसरवर भागत नाही.

2018मध्ये अमेरिकेतल्या ॲक्मे प्रयोगाने थोरियम ऑक्साइडच्या अशाच थंड झोतातून इलेक्ट्रॉन किती गोल आहे ते तपासलं. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ गेला कुठे, हा त्यामागचा प्रश्न. इलेक्ट्रॉनच्या गोलाईत खोट सापडली नाही. अनेक नवे सिद्धांत मात्र अडचणीत आले.

मग आपल्याला काय?

फोनवरचं लोकेशन उपग्रहातल्या अणुघड्याळांवर चालतं. आपल्या नाविकच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही परदेशी घड्याळं बंद पडली आणि तो लोकेशनसाठी निकामी झाला. देशी अणुघड्याळ अवकाशात गेलं ते मे 2023मध्ये, एनव्हीएस-01 उपग्रहातून. घड्याळ वेगळं, रेणूंचा झोत वेगळा. पण अणू-रेणू ताब्यात ठेवण्याची विद्या एकच. ती हातात नसेल तर दुसऱ्याच्या मालावर भिस्त ठेवावी लागते.

पुण्यात आयसर आणि आयुकामध्ये थंड अणू-आयनांवर काम चालतं. तिथे पीएचडीवाले लागतात, तसे व्हॅक्युम पंप, लेसर, इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणारेही लागतात. आयटीआय-डिप्लोमाची आपली पोरं त्यात किती शिरली, हे मी मिशनच्या हिशेबात आधी बघेन.