वही सांभाळणारीचे गुण

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोंकणी बोलणारे व शाळेत मराठी शिकविणारे. आम्ही यंत्रांविषयी लिहावे हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु गतवर्षी विज्ञान-प्रदर्शनाच्या एका गटावर देखरेख करण्याचे काम आमच्याकडे आले, आणि त्यात जे दिसले ते सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९६९ साली जपानमधील यास्कावा कंपनीचे अभियंता तेत्सुरो मोरी यांनी 'मेकाट्रॉनिक्स' हा शब्द योजिला. यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा सांधा त्या शब्दातच आहे.

आमच्या सहा विद्यार्थ्यांनी काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी करावयास घेतली. तिघांनी चाके व मोटारी, दोघांनी तारा व प्रोग्राम वाटून घेतले. उरलेल्या मुलीस 'अक्षर सुंदर' म्हणून नोंदवही दिली. गाडी हातांत उचलून धरली की चाके उत्तम फिरत. जमिनीवर ठेवताच ती क्षणभर हले, थांबे, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. चाकवाले प्रोग्रामास दोष देत, प्रोग्रामवाले चाकांस. आठवडा भांडणात गेला. अखेर त्या मुलीने वही पुढे केली. चाकांवर भार आला की आर्डुइनो बोर्डावरील दिवा मंदावतो, अशी नोंद तिने चार वेळा केली होती! भाराखाली सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते; बॅटरीचा दाब उतरतो, आणि त्याच बॅटरीवरील बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. मोटारींस निराळी बॅटरी दिली, दोहोंची ऋण टोके तेवढी एकत्र जोडली, आणि गाडी चालली.

दोष कोणा एकाच्या कामात नव्हता. तो दोन कामांच्या सांध्यात होता, आणि तिकडे पाहावयास कोणीच नेमलेले नव्हते. मुलांच्या हाती पान्हा व मुलीच्या हाती लेखणी ही वाटणी आमच्या डोळ्यांदेखत झाली, आणि आम्ही गप्प राहिलो, हेही कबूल केले पाहिजे. पुढे गुण मिळाले ते गाडीला. वहीला एकही नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, गटातील कामे दर आठवड्यास फिरती असावीत, आणि निम्मे गुण फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदींस असावेत. असे केल्यास गाडी उशिरा तयार होईल, बक्षीस हुकेल, असे म्हटले जाईल. हुको बापडे! शाळेस गाड्या घडवावयाच्या नाहीत, माणसे घडवावयाची आहेत.

आमच्याकडील जत्रेच्या नाटकात पडदा ओढणाऱ्यासही साऱ्यांची भाषणे पाठ असतात. विद्यार्थिमित्रहो, यंदा तुम्ही गट कराल तेव्हा एवढे ध्यानी ठेवा, आणि वही आळीपाळीने प्रत्येकाच्या हाती येऊ द्या.