विश्लेषण : वेदनाशामक गोळी सुरू होते, पण थांबवायची कधी?

गुडघा बदलल्यावर किंवा मणक्याच्या दुखापतीनंतर रुग्ण पुनर्वसन विभागात दाखल होतो, तो पुन्हा चालता यावे म्हणून. तिथे रोज व्यायाम आणि व्यायामामागोमाग ठणका. तो सुसह्य व्हावा म्हणून गरजेनुसार ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन यांसारखी ओपिऑइड म्हणजेच अफूवर्गीय औषधे दिली जातात. ती कमी कशी करायची, हे मात्र अनेकदा ठरलेलेच नसते.

धोका काय?

सुरुवातीला ही औषधे उपयोगी पडतात. पण त्यांनी सुस्ती, चक्कर, बद्धकोष्ठता येते. ज्येष्ठ रुग्ण तोल जाऊन पडू शकतो. मात्रा जास्त झाल्यास श्वास मंदावतो. काही आठवडे सलग घेतल्यास शरीराला सवय लागते. चालण्यासाठी दिलेली गोळीच मग चालण्याच्या आड येते.

एकदम बंद का नको?

अचानक थांबवल्यास घाम, जुलाब, निद्रानाश, अस्वस्थता असा त्रास होतो. अमेरिकेने दोन्ही टोके पाहिली. आधी या गोळ्यांचा सुळसुळाट झाला. २०१६ मध्ये ‘सीडीसी’ने मार्गदर्शक सूचना दिल्या, तर काही ठिकाणी गोळ्या तडकाफडकी तोडल्या गेल्या आणि रुग्णांचे हाल झाले. २०२२च्या सुधारित सूचनांनुसार, वर्षभर किंवा अधिक काळ औषध घेणाऱ्यांची मात्रा महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही संथ गतीने घटवणे सोसवते.

पर्याय कोणते?

दुखण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक, मज्जातंतूंच्या वेदनांवर वेगळी औषधे, ‘टेन्स’ यंत्राची सौम्य विद्युतस्पंदने, पुरेशी झोप. गोळीची वेळ व्यायामाशी जुळवली, तर तिचा उपयोगही अधिक होतो. ‘दहापैकी किती दुखते?’ याबरोबरच ‘आज किती पावले चाललात?’ हेही विचारायला हवे.

भारतात काय व्हावे?

इथे अडचण दुहेरी आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा शिथिल होऊनही अनेक कर्करुग्णांपर्यंत मॉर्फिन पोहोचत नाही. उलट, गैरवापरामुळे २०१८ मध्ये ट्रामाडॉल याच कायद्याखाली आणावे लागले. त्यामुळे सरसकट बंदी हे उत्तर नव्हे. गोळी किती दिवस, कशी कमी करायची आणि त्रास झाल्यास कुणाला फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिणे रुग्णालयांना बंधनकारक करावे. ही माहिती नसेल, तर घरी गेलेला रुग्ण एकतर दुखणे सोसत बसतो, नाहीतर जुनीच चिठ्ठी घेऊन पुन्हा औषधाच्या दुकानात जातो.