एक मोकळी जागा आणि अर्थाचा अनर्थ

मंडळी, आज जरा लांबच्या गावची गोष्ट. पण विषय आपल्याही दारातला आहे.

नॉर्वेत ‘रॉइकफ्रित’ अशी पाटी असते. रॉइक म्हणजे धूर, फ्रित म्हणजे मुक्त. जोडून लिहिलं की अर्थ ‘धूम्रपानमुक्त’. रंगवणाऱ्याने मध्ये बोटभर जागा सोडली, की त्याच पाटीचा अर्थ होतो ‘खुशाल ओढा’! ‘लामेलोर’ म्हणजे कोकराची मांडी. तोडून लिहा, झाल्या ‘लुळ्या मांड्या’. असले फलक तिथे नेहमीचा चेष्टेचा विषय आहेत.

नॉर्वेजियनमध्ये सामासिक शब्द जोडूनच लिहायचा, हा नियम आहे. शेवटचं पद मुख्य, आधीची पदं त्याचं वर्णन करणारी. अगदी आपल्या तत्पुरुषासारखं. ‘बार्न’ म्हणजे मूल, ‘हागे’ म्हणजे बाग, मध्ये जोडणारा ‘ए’, आणि तयार झाला ‘बार्नेहागे’. म्हणजे चक्क आपली बालवाडी! कुठे हा सांधा ‘ए’चा, कुठे ‘स’चा, कुठे नाहीच. ‘विनग्लास’ म्हणजे वाइनचा पेला, तिथे सांधा नाही. पण तांबड्या वाइनचा पेला म्हटला की ‘रविन्सग्लास’सारखा मध्ये ‘स’ येतो, कारण पहिलं पदच आता जोडशब्द झालं.

ओळ संपताना शब्द तोडायचा तरी तेच. साध्या शब्दात साधारणपणे एक व्यंजन पुढच्या ओळीवर जातं. जोडशब्द मात्र सांध्यावरच तोडणं चांगलं. ‘विन-ग्लास’ बरोबर. व्यंजनं मोजून ‘विंग-लास’ केलंत, तर वाचणाऱ्याला पंख (विंगे) आणि गाडीभर ओझं (लास) दिसणार! आणखी गंमत म्हणजे ‘बुस’ आणि ‘स्तोप’ जोडून बसथांब्याचा शब्द होतो, तेव्हा तीन ‘स’पैकी दोनच लिहितात. पण ओळीच्या शेवटी तोडला की तिसरा ‘स’ परत येतो.

मग लोक चुकतात का? इंग्रजीत असे बरेच शब्द सुटे लिहितात, त्याची सवय लागते. शिवाय अनोळखी लांब शब्दाखाली संगणक लाल रेघ मारतो. मध्ये जागा सोडली की रेघ गायब. यंत्राचं समाधान होतं, वाचकाचं नाही.

‘अर्थ कळला ना, मग झालं’ हे मला पटत नाही. जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्याला अंदाजाने कळतं. बोलताना जोडशब्दाचा मुख्य आघात एकच असतो, त्यावरून तो ओळखू येतो. कागदावर आघात ऐकू येत नाही. तिथे नव्याने आलेला, भाषा शिकणारा माणूस पाटीवरच्या अक्षरांवरच विसंबतो. आपली मराठी मुलंही नोकरीसाठी तिकडे जातात, त्यांचंही तेच. म्हणून चुकणाऱ्याची टिंगल नको, पण नियम सोडूनही चालणार नाही.

आणि आपण? ‘तोंडपाठ’ म्हणजे पाठांतर. ‘तोंड पाठ’ म्हणजे दोन अवयव. तरी आपण बिनधास्त ‘महानगर पालिका’, ‘घरा समोर’ लिहितो. सरकारी सूचनेत, औषधाच्या चिठ्ठीवर, शाळेच्या फळ्यावर तरी शब्द जोडून लिहूया. शाई तेवढीच लागते!

तुमच्या गावात अशी तुटलेली पाटी दिसली तर कमेंटमध्ये सांगा. रंगवणाऱ्याचं नाव मात्र नको.