टाळी कोणासाठी?

खेळ पाहणाऱ्याला मत असते, आणि ते कोणी न विचारताच सांगण्याची त्याला खोड असते. आमच्या इंदुरात तर ही खोड पिढीजात आहे. रामबागेतल्या ओट्यावर बसून संघ निवडणारी आणि निवडलेला संघ मोडीत काढणारी मंडळी आजही दिसतील. त्यांच्यातलाच एक म्हणून 2025 सालातील काही घडामोडींविषयी चार शब्द लिहीत आहे. कोण जिंकले, कोण हरले हे सर्वांना ठाऊक आहे. माझा प्रश्न निराळा आहे. खेळाच्या या प्रचंड व्यवहारात प्रेक्षकाचे स्थान कोणते, आणि त्याची जबाबदारी कोणती?

प्रथम पैशाचा विषय. पैशाने खेळ बिघडला, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. इंदूरकराने तरी हे जपून बोलावे. नागपूरचे सी. के. नायडू होळकर दरबाराच्या आश्रयाने इंदूरकर झाले. होळकरांच्या संघाने 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 अशी चार वेळा रणजी करंडकावर मोहोर उमटवली, त्या संघात गावोगावचे गुणी खेळाडू जमवलेले होते. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही 1945 च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि 249 धावा करून नाबाद राहिला. सामना मात्र मुंबईने जिंकला. तेव्हा खेळाडूला द्रव्य देऊन आणणे हे पाप नव्हे, आणि नवेही नव्हे. फरक इतकाच, की त्या काळी आश्रयदाता कोण हे गावाला ठाऊक होते, आणि कौतुक करायचे ते कोणाचे व बोल लावायचा तो कोणाला, याविषयी संभ्रम नव्हता.

आज लिलाव होतात. आपल्या इंदूरच्या वेंकटेश अय्यरला नोव्हेंबर 2024 च्या लिलावात कोलकात्याने 23 कोटी 75 लाख रुपये मोजले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बंगळुरूने त्याला 7 कोटींत घेतले. एका वर्षात माणसाचा खेळ इतका उतरत नाही; उतरतो तो भाव. लिलावाचा आकडा म्हणजे गुणाची मोजदाद नव्हे, हे तरुण मुलांना आणि त्यांच्या आईबापांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण रजत पाटीदारचे. हा मुलगा इंदूरचा. जून 2022 मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्यप्रदेशाने मुंबईला नमवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा याने अंतिम सामन्यात 122 धावा केल्या होत्या. संघाचे शिक्षक चंद्रकांत पंडित; 1998-99 साली याच मैदानावर अंतिम सामना हरलेल्या मध्यप्रदेशाचे ते कर्णधार होते. तेवीस वर्षांनी फिटलेले ते ऋण पाहून मला जो आनंद झाला, त्याला तोड नाही. पुढे 3 जून 2025 रोजी पाटीदारच्याच नेतृत्वाखाली बंगळुरूच्या संघाने पंजाबला सहा धावांनी हरवून अठरा वर्षांत प्रथमच आयपीएल जिंकली.

दुसऱ्याच दिवशी, त्याच चिन्नास्वामी मैदानाच्या दारात, चेंगराचेंगरीत अकरा माणसे मेली. विजयाची रात्र उलटते न उलटते तोच सत्कार उरकायची घाई. दार कोणते उघडणार आणि आत कोणाला सोडणार याचा पत्ता नाही. बाहेर लाखोंचा लोंढा. मग संघाच्या मालकांनी, क्रिकेट संघटनेने आणि सरकारने एकमेकांकडे बोटे दाखवली. मी म्हणतो, बोट कोणाकडेही जावो. ज्या माणसाच्या टाळीवर हा सारा डोलारा उभा आहे, त्याच्या जिवाची तजवीज त्या टाळीच्या हिशेबात कोणीच धरली नव्हती. खेळाडू बाजारात मोलाने तरी जातो. प्रेक्षक फुकट गेला.

आता प्रेक्षकाची दुसरी बाजू. ती सांगताना मान खाली जाते, कारण ती आपल्या गावची आहे. 2025 च्या ऑक्टोबरात महिलांच्या विश्वचषकाचे सामने होळकर मैदानावर झाले. 19 तारखेला स्मृती मानधनाने 88 धावा करूनही भारत इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हरला. सांगलीच्या या मुलीसाठी गावातली मराठी माणसे किती हळहळली, हे मी ऐकले आहे. पण त्याच आठवड्यात, 23 तारखेला, ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू पायी चालल्या असताना भर रस्त्यात एका मोटारसायकलस्वाराने त्यांच्याशी असभ्य वर्तन केले. आरोपी पकडला गेला, हे ठीकच झाले. परंतु त्यानंतर ‘त्या न सांगता बाहेर पडल्याच का’ असा सूर निघाला, तो मला गुन्ह्याइतकाच खटकला. अहिल्याबाईंचे नाव उठता बसता घेणाऱ्या गावात पाहुण्या बाईला परवानगी काढून रस्त्यावर यावे लागावे काय? दोनच दिवसांनी अलाना किंगने याच मैदानावर 18 धावांत सात बळी घेतले. त्या संघाने आपले उत्तर खेळातून दिले. आपले उत्तर अद्याप यायचे आहे.

पुढे 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्याच प्रांतातली, छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची क्रांती गौड होती. तिच्या कौतुकाची भाषणे पुष्कळ झाली. तिच्यासारखी दुसरी मुलगी संध्याकाळी सरावाहून एकटी निर्धास्त घरी पोचली, तर त्या भाषणांना अर्थ आहे.

कुस्तीची गोष्ट थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे याने निकाल न पटल्यामुळे पंचाला लाथ मारली. पंचाशी हुज्जत घालणाऱ्या महेंद्र गायकवाडसह त्याला तीन वर्षांची बंदी झाली. शिक्षा योग्यच आहे. पण पाठ टेकली की नाही, याचा निर्णय फेरतपासण्याची चोख व्यवस्था इतक्या मोठ्या आखाड्यात असू नये, हेही योग्य नाही. पंचाचा मान राखायचा, तर पंचाचा निर्णय शंकेपलीकडे नेण्याची जबाबदारी संघटनेची आहे.

फुटबॉलचे तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. 22 ऑक्टोबर 2025 रोजी फातोर्ड्याला अल नसरचा संघ आला, रोनाल्डो आला नाही, तरीही गोव्याच्या पोरांनी 2-1 अशी झुंज दिली. त्याच वेळी देशाची प्रमुख साखळी स्पर्धा बंद पडलेली होती, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांचा करार संपत आला होता आणि नवा झाला नव्हता. नेहमी सप्टेंबरात सुरू होणारा हंगाम 2026 च्या फेब्रुवारीत उजाडला. मधल्या काळात खेळाडूंचे पगारही अडले. करार संपणार हे पंधरा वर्षे ठाऊक असून कोणी जागे झाले नाही!

आणि ज्या खेळांत आपलीच माणसे अजिंक्य ठरली, तिथे आपण कुठे होतो? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांनी नेपाळला हरवून पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही चषक मिळवले. जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आपल्या किती घरांत या नावांची चर्चा झाली?

म्हणून जुन्या मराठी घरांना माझे एवढेच सांगणे आहे. टाळी ही आपली एकमेव मिळकत आहे. ती कोठे खर्चायची हे लिलाववाल्यांना ठरवू देऊ नका. होळकर मैदानावर रणजीचा सामना असतो तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. नातवंडांना घेऊन तिथे जावे. गल्लीतल्या मैदानात खो-खोचा खांब रोवलेला असेल, तर घटकाभर तिथे उभे राहावे. पाहुण्या संघाचा खेळाडू चांगला खेळला, तर त्यालाही मोकळ्या मनाने टाळी द्यावी. आणि त्या गर्दीत कोणी एखाद्या मुलीला वेडेवाकडे बोलला, तर तिथल्या तिथे त्याचा हात धरावा. ते काम पोलिसांचे आहे खरे. पण पोलीस येईपर्यंत ते आपले आहे.