ऑनलाइन गटचर्चा : प्रत्येकाला काम हवे

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि चिंचोटीपासून चंद्रपूरपर्यंत वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले. महामारी ओसरली, ऑनलाइन गटचर्चा मात्र राहिली. अशा चर्चेत बहुधा दोघे-तिघे बोलतात; उरलेले 'सहमत आहे' एवढे लिहून मोकळे होतात. दोष केवळ मुलांचा नव्हे. कोणी काय करायचे, हेच त्यांना सांगितलेले नसते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सूत्रसंचालक, सिद्धान्तकार, सारलेखक, संदर्भशोधक अशा भूमिका वाटून दिल्या. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सारलेखकांच्या लिखाणात विचारांची पातळी उंचावलेली आढळली. संदर्भशोधक मागे पडले. कारण उमगण्यासारखे आहे. सार लिहिणाऱ्याला सर्वांचे वाचावेच लागते. संदर्भ शोधणारा चार दुवे पाठवून थांबू शकतो.

म्हणून भूमिका नुसत्या वाटून भागत नाही. त्या आळीपाळीने फिरायला हव्यात. अन्यथा सुवाच्य लिहिणारी मुलगी कायमची लेखनिक आणि मोठ्याने बोलणारा मुलगा कायमचा अध्यक्ष होतो. ज्या घरी चौघांत एकच मोबाइल आहे, तेथील मुलाला भर दुपारी सूत्रसंचालन देणे अन्यायाचे ठरेल. वडील कामावरून परतल्यावर रात्री लिहिता येईल असे सारलेखन त्याला द्यावे.

ऑक्टोबर 2023 मध्ये रोम येथील सिनड सभेत महागुरुस्वामी आणि प्रापंचिक एकाच गोल मेजाभोवती बसले, तेव्हाही चर्चा सांभाळण्यासाठी साहाय्यक नेमलेले होते. जाणत्यांनाही जी शिस्त लागते, ती आपल्या मुलांना शिकवायला संकोच कशाला?