नडगीवरचे डाग

ज्येष्ठ वाचकहो, ‘काही लागल्याचे आठवत नाही, तरी नडगीवर डाग पडले,’ ही तक्रार आमच्या सिद्धेश्वर परिसरात वरचेवर कानी येते. बहुतेकजण डागावर हळदीचा लेप लावूनच येतात. हळदीच्या या मुलखात ते स्वाभाविक आहे. परंतु त्याने डागाचा मूळ रंग झाकला जातो आणि निदान बरेचसे रंगावरच अवलंबून असते. म्हणून पाय स्वच्छ धुऊन यावे.

घोट्याच्या आतील बाजूस तपकिरी पट्टा दिसतो आणि संध्याकाळी पावले सुजतात, तेव्हा दोष बहुधा शिरांचा असतो. रक्त खाली परतू नये म्हणून शिरांत झडपा असतात. वय, स्थूलता, दिवसभर उभे राहणे यांमुळे त्या निकामी होतात. रक्त साचते, तांबड्या पेशी त्वचेत झिरपतात आणि त्यांतील लोहाचा रंग गंजासारखा मागे राहतो. अशी त्वचा खाजते. खाजवून जखम झाली तर ती महिनोन्‌महिने भरत नाही. खोबरेल तेल लावावे, बसताना पाय उंच ठेवावेत. घट्ट मोजे मात्र पायाच्या धमन्या तपासल्याखेरीज घालू नयेत.

मधुमेहात नडगीवर लहान, गोल, किंचित खोलगट तपकिरी डाग उमटतात. त्यांना उपचार लागत नाही. पण ते दिसताच डोळे, मूत्रपिंडे आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. शेकोटीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायांवर जाळीसारखी नक्षी उमटते, तिचे कारण केवळ उष्णता!

लाल-जांभळ्या ठिपक्यांवर काचेचा स्वच्छ पेला दाबून पाहावा. ठिपका फिका न झाल्यास रक्त त्वचेखाली उतरले आहे असे समजावे. तिखट शिंपडल्यासारखे सपाट ठिपके पुष्कळदा निरुपद्रवी असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळेही असे होते, मात्र त्या स्वतःहून बंद करू नयेत. औषधांची पाकिटे सोबत आणावीत. ठिपके हाताला उंचवट्यासारखे लागत असतील, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तेव्हा लघवीची तपासणी हवीच. आणि ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा ठिपके झपाट्याने वाढत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एक डाग मात्र घरात दडवला जातो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. फिकट वा लालसर चट्टा, खाज नाही, दुखणे नाही. डोळे मिटायला सांगून शुश्रूषा करणाऱ्याने त्यावर कापसाचा पुंजका फिरवावा. स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी नवे रुग्ण आजही महाराष्ट्रात सापडतात. औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. ती सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाची भीती उरत नाही, त्यामुळे आजोबांचे ताट वेगळे मांडण्याचे काहीही कारण नाही.