व्हीटी गेले, सीएसएमटी आले; महाराज कोठे?

बोरीबंदरावरील भव्य स्थानकाला १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, तिचे नाव देण्यात आले. पारतंत्र्याची ही खूण पुसण्यास स्वतंत्र भारताला तब्बल ४९ वर्षे लागली. १९९६ मध्ये स्थानक 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' झाले. २०१७ मध्ये राहून गेलेला 'महाराज' हा शब्द त्यात आला. परंतु मुंबईकराच्या जिभेवर काय आले? आधी 'व्हीटी', मग 'सीएसटी', आता 'सीएसएमटी'! ज्या नावासाठी एवढा आग्रह धरला, ते चार इंग्रजी अक्षरांत विरघळले, आणि याची खंत फारशी कोणाला नाही.

नाव बदलल्याने वास्तू आपली होत नाही. ती वाचावी लागते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ पासून दहा वर्षे हे काम चालले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. मधल्या बागेला तिन्ही बाजूंनी कवेत घेणारी इमारत, जिन्यावरचा अष्टकोनी दगडी घुमट, त्यावर मशालधारी 'प्रगती'. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. राज्यकर्त्यांनी आपला दिमाख दगडात कोरून घेतला खरा, पण कोरणारे हात कोणाचे? भिंतींवरील नक्षीचे बरेचसे काम सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे आहे. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, तो त्या हातांचाही आहे.

दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या संचालकांच्या प्रतिमा आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेटही. इंग्रजांनी रेल्वे आणली ती येथला कापूस बंदरावर आणि आपले सैन्य देशभर नेण्यासाठी. तिच्यातून देशाचेही हित साधता येईल, हे नानांनी ओळखले आणि मुंबईत रेल्वे यावी म्हणून ते झटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, त्यामागे या मराठी माणसाची दूरदृष्टी होती. आज रोज त्या प्रतिमेखालून जाणाऱ्या लाखोंपैकी किती जण मान वर करून पाहतात?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच स्थानकात पाकिस्तानी दहशतवाद्यांनी ५० हून अधिक निरपराधांचे बळी घेतले. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे येथेच धारातीर्थी पडले. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सावध केले आणि अनेकांचे प्राण वाचवले. महाराजांच्या नावाला साजेसे वर्तन त्या रात्री या दोघांनी दाखवले. सरकारी अधिसूचनेपेक्षा त्याचे मोल अधिक.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या स्थानकाच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. १८ फलाटांच्या या परिसरात नवे छत, नव्या वाटा येणे गरजेचेच आहे. उपनगरी प्रवाशाचे हाल काही वारसा नव्हेत. घड्याळाखालचा व्हिक्टोरियाचा कोनाडा मात्र रिकामाच ठेवावा, तो तसाच अधिक बोलका आहे. नानांच्या प्रतिमेखाली मराठीत, सहज वाचता येईल असा फलक लावावा. आणि पूर्ण नावाबद्दल रेल्वेला दोष देण्याचे कारण नाही. लोकलमधील उद्घोषणा ते नाव पूर्ण उच्चारते. आखडते घेतात ते प्रवासी.